चेरवेन बेचिराख झालं नव्हतं

मागच्या हिवाळ्यात आबा जिन्यावरून घसरले आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे बल्गेरियातलं एक उजाड झालेलं शहर भाषांतराला आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो मी लावला, आणि तोही जरा लबाडीनं.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत होते. पूल उभारायचे आणि पाण्याच्या लाइनी टाकायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि दिल्लीतच राहिले. पालमला, कँटोन्मेंटच्या मागच्या वस्तीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. एके काळी त्या गल्लीत सात-आठ मराठी फौजी घरं होती आणि संक्रांतीला आईची हळदीकुंकवाची फेरी दुपारभर चालायची. मग कुणी द्वारकेला गेलं, कुणी मुलाकडे नोएडाला, बरेचसे पुण्याला. आई गेली. आबा उरले.

मी फरीदाबादला राहते. सरकारी कचेरीत अनुवादक होते, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आता पुण्याच्या एका प्रकाशकासाठी घरबसल्या इंग्रजीतून मराठी करते. नवरा मथुरेकडचा, मुलगी इथेच जन्मलेली आणि आता कॉलेजात. घसरल्यावर आबांना मी आठ दिवस माझ्याकडे आणून ठेवलं होतं. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. नवव्या दिवशी सकाळी बूट घालून दारात उभे. "मला घरी सोड."

तेव्हापासून माझं एकच टुमणं होतं: आबांनी तो तिसरा मजला सोडावा आणि आमच्याकडे यावं. पुन्हा पडले तर हाक ऐकायला कोण होतं? दर गुरुवारी मेट्रोनं पालमला जायचं, दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायचा आणि जाता जाता विषय काढायचा, हा माझा क्रम. ते म्हणायचे, "बघू." आमच्या आबांचं 'बघू' म्हणजे स्वच्छ 'नाही'.

अशात ते पुस्तक आलं. उजाड झालेल्या शहरांवरचं. एक प्रकरण चेरवेनचं होतं. मी नावही ऐकलेलं नव्हतं. बल्गेरियाच्या उत्तरेला एक नदी डोंगरात वेडीवाकडी वळणं घेत जाते, आणि एका वळणात उंच कातळावर हे शहर बसवलेलं. तीन बाजूंना कडा. मध्ययुगात मोठंच प्रस्थ होतं म्हणायचं: जाड तटबंदी, सरदाराचा वाडा, दाटीवाटीच्या गल्ल्या, लोहारांची आणि सोनारांची कामं, डझनभर चर्च आणि तिथल्या धर्मपीठाचा मोठा बिशप. चेरवेन म्हणजे त्यांच्या भाषेत लाल. लाल का, ते लेखकानं सांगितलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या चौकस बाईला एवढं पुरतं. मी अर्धा दिवस उपग्रहाचे फोटो बघण्यात घालवला. कातळ तर पांढुरका दिसत होता. लाल होती ती फक्त खालच्या खेड्यातली कौलं.

चौदावं शतक संपता संपता तुर्कांनी वेढा घालून शहर घेतलं. इथवर सगळं तपशीलवार होतं. मग मात्र लेखकाला एकदम घाई झाली. सुरुवातीला कारभाराचं ठाणं तिथेच राहिलं, आणि पुढे शहराला उतरती कळा लागली. संपलं प्रकरण. मला अशा वाक्यांचा मनस्वी राग येतो. तट किती जाड होता ते मोजून सांगायचं, आणि माणसांच्या कित्येक पिढ्या एका 'पुढे'मध्ये गुंडाळून टाकायच्या! पुढे म्हणजे कधी? आधी कोण गेलं, पाववाला की सोनार? दारांच्या चौकटी काढून नेल्या की तशाच सोडल्या?

बरं, भाषांतर करायचं तर शब्द हवा. 'उतरती कळा' मला पुळचट वाटली. मी लिहिलं, 'आणि चेरवेन ओस पडलं.' लिहून चहा करायला उठले. तेवढ्यात मुलगी लॅपटॉपवर वाकली.

"मम्मी, हे किती प्यारं आहे यार!"

"काय प्यारं?"

"हेच. शहर पे ओस पड़ी. मतलब सगळे झोपलेत आणि वरून हळूहळू..."

मला आधी हसूच फुटलं. हिंदीत ओस म्हणजे दव. माझ्या उजाड शहरावर पोरीनं दव पाडलं होतं. मग चिडले, स्वतःवरच जास्त. वीस वर्षांच्या मुलीला 'ओस' माहीत नाही म्हणजे तो शब्द तिच्या कानावर घरात कधी पडलाच नाही. आणि घरात मराठी येतं ते फक्त माझ्याकडून. पण तिची चूक डोक्यातून जाईना. दव पडताना कुणाला दिसतं का? सकाळी पाय ओला झाला की कळतं. असंच झालं असेल तर?

पण पुस्तकात असले खेळ करता येत नाहीत. वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून मी ठसठशीत शब्द घातला, 'चेरवेन बेचिराख झालं.' परकी फौज आली, शहर पडलं, म्हणजे जाळपोळ झालीच असणार, ही शाळेतल्या इतिहासानं हाताला लावलेली सवय. त्यातून आम्ही दिल्लीतले मराठी. पराभव म्हटला की पानिपताच्या अलीकडे आमची गाडी थांबतच नाही.

त्या गुरुवारी खर्डा बरोबर घेऊन गेले. आबांचा एक डोळा अधू झालाय, त्यांना वाचून दाखवलेलं आवडतं. आणि मनात म्हटलं, उंचावरून माणसं खाली उतरल्याची गोष्ट आहे. कानावरून जाऊ दे. बघू काही उजेड पडतो का.

आबांनी पहिला प्रश्न विचारला तो बिशपाचा नाही, सोनाराचाही नाही. "पाणी कुठनं आणत होते?"

मी पान उलटून पाहिलं. कातळाच्या पोटातून खाली पाण्यापर्यंत भुयारी वाटा खोदलेल्या होत्या. दोन सापडल्या आहेत.

"अच्छा! म्हणजे वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून. काम पक्कं केलंय. मला फोटो दाखव."

मी टॅबलेटवर नदी, कडे, चौथ्या बाजूनं आत जाणारी जमिनीची ती एकच अरुंद मान सगळं मोठं करून दाखवलं. ते नाकाला लावून बघत राहिले. "जागा फर्स्ट क्लास आहे," म्हणाले, "लढायला. राहायला नाही. रोजचा हंडा भुयारातनं वर चढवायचा म्हणजे बायकांच्या कमरेचा काटा ढिला. पुढं वाच."

पुढचं वाचलं. 'बेचिराख झालं'ला त्यांनी हात वर केला.

"आग कुणी लावली?"

"तुर्कांनी असेल ना."

"असेल ना? लिहिलंय का तसं? तूच आत्ता वाचलंस, ठाणं तिथंच ठेवलं. जळक्या गावात कुणी कचेरी थाटतं का?"

"आबा, बेचिराख म्हणजे नुसतं... नष्ट झालं, असं."

"तुला बेचिराख माहीत नाही," आबा शांतपणे म्हणाले, जन्मभर शब्दांवर पोट भरलेल्या मला. "आपल्या गावाच्या शिवेला लागून एक मौजे आहे. जमिनीच्या जुन्या कागदात त्याच्यापुढं लिहिलंय, बेचिराख. माझ्या आज्यानं मला दाखवलं होतं. मी विचारलं, कोण जाळून गेलं? तो म्हणला, येड्या, कुणी जाळलं नाही. झरा आटला. घरं एकेक करून आपल्या गावात आली. शेवटी तिथं दिवा लावायला कुणी राहिलं नाही, म्हणून बेचिराख."

चिराग म्हणजे दिवा. बे-चिराग. पटवाऱ्यांच्या फारसीतून आला आणि आपण शेवटची 'राख' ऐकून सगळंच जाळून टाकलं. परतीच्या मेट्रोत दाराशी उभी होते तर घोषणेतली बाई म्हणाली, "अगला स्टेशन, चिराग दिल्ली." दर आठवड्याला दोनदा ऐकते मी हे. एकदाही दिव्याची ज्योत पेटली नाही डोक्यात. इतकी लाज वाटली की शेजारच्या मुलीला सांगावंसं वाटलं, बघ, कशी मूर्ख आहे मी.

घरी आल्यावर मी चेरवेनच्या हात धुऊन मागे लागले. इंग्रजीत मिळेल ते वाचलं, बल्गेरियन पानं यंत्राकडून भाषांतर करवून धडपडत वाचली. आबांचं म्हणणं बरोबर दिसत होतं. वेढ्यानंतरही शहर नांदत होतं. मग डॅन्यूब नदीच्या काठचं रूसे नावाचं बंदर वाढत गेलं. व्यापार तिकडे गेला, कारागीर त्याच्या मागे गेले. धर्मपीठाचा बिशपही शेवटी रूसेला राहायला गेला. पदवी मात्र चेरवेनचीच ठेवली आणि ती अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. हे वाचून मला फार मजा वाटली. कड्यावर पाखरं आणि खाली चेरवेनचे बिशप!

पुढच्या गुरुवारी हे सांगितलं तर आबा खळखळून हसले. "आपण काय वेगळं करतो? आडनावाला 'कर' लावून फिरतोच की. गावात पाय ठेवून झाली किती वर्षं?" मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी विचार केला त्याच्यावर. ते शहर लढाईनं नाही मेलं. शांततेनं मेलं."

"म्हणजे?"

"सरहद्द जवळ असते तोवर गडाला किंमत. तुर्क त्या डॅन्यूबपार लांब गेले, सरहद्द बरोबर घेऊन गेले. आता मधल्या मुलखातल्या गडाला कोण विचारतो? आमच्याकडं पण तेच झालं. गडावरचे लोक खाली पेठेत आले. कुणी हाकललं नव्हतं. वर पाणी चढवायचं कशासाठी, याला उत्तर उरलं नाही म्हणून आले."

झालं, माझ्या हातात आयतंच कोलीत आलं. गॅस बारीक केला आणि अगदी सहज वाटावं असं म्हणाले, "मग आबा, शहाणेच म्हणायचे ना ते. वेळेवर खाली उतरले."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. जवानांना रांगेत उभं करून बघत असतील तसंच. "अस्सं. मला तिसऱ्या मजल्यावरनं उतरवायला बाईसाहेब बल्गेरियाला जाऊन आल्या होय?"

चोरी पकडली गेली. दोघंही हसलो, आणि हसता हसता माझा बांध फुटला. म्हटलं, हसण्यावारी नेऊ नका. फोन दोनदा वाजून तुम्ही उचलला नाहीत तर मी हातातलं काम टाकून चपला शोधायला लागते. तुम्ही पडलात तेव्हा खालच्या माणसाला दूधवाल्यानं सांगितलं म्हणून कळलं. माझ्या घरी काय कमी आहे? तुमची वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे, जावई तुम्हाला डोक्यावर घेतो. नक्की अडतंय कुठे, ते तरी सांगा.

आबांनी चष्मा परत चढवला. मग भलतंच विचारलं. "ती माणसं त्या रूसेला गेल्यावर कुठल्या भाषेत बोलत होती?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"शोध."

"शोधीन. पण माझ्या प्रश्नाचं काय?"

"तेच तर सांगतोय. मागं तुझ्याकडं आठ दिवस होतो. आठ दिवस तू माझ्याशी हिंदीत बोललीस."

मी ताडकन म्हटलं, छे! मी? मराठीवर जगणारी बाई मी, बापाशी हिंदीत बोलेन?

"आबा, दवाई ली? आबा, खाना लगा दूँ? आबा, थोड़ा धूप में बैठिए," आबांनी माझ्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. राग नव्हता त्यात, तेच वाईट होतं. "इथं आलीस की मराठीत बोलतेस. तिथं सगळ्यांच्यात माझ्याशीही तसंच होतं तुझं. तुझी चूक नाही. फौजेत तीस वर्षं हिंदीच बोललो, मला काय हिंदीचं वावडं? पण तुझी आई गेल्यापासून गुरुवार सोडला तर माझ्याशी आपल्यातलं कुणी बोलत नाही. हे घर सोडलं की तो गुरुवारही गेला."

परतीच्या वाटेवर मला कुठलंच स्टेशन ऐकू आलं नाही. घरी पोचल्या पोचल्या मुलीला विचारलं, "आबा इथे होते तेव्हा मी त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलत होते?"

"हिंदी में," ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "ऑब्वियसली."

मी कुणाशी भांडणार? तीन महिने त्यांना जिन्याचं, लिफ्टचं, दूधवाल्याचं सांगत होते. ते कशाला धरून वर बसले होते हे मला दिसलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, खाली उतरलं की मुलगी घरात असेल आणि तरी भेटणार नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

चेरवेनच्या लोकांचं उत्तर मिळवायला मला आठवडा लागला, आणि मिळालं तेही पुरतं नाही. रूसेच्या बाजारात तुर्की चालायचं, बंदरात आणखी चार भाषा कानावर पडायच्या. घरात काय बोलत होते याची नोंद कोण करून ठेवणार? घरातलं बोलणं सरकारदप्तरी जमा होत नाही. पण चारपाचशे वर्षांनी तुर्की सत्ता गेली तेव्हा बल्गेरियन भाषा जागच्या जागी होती, शाळा तिच्यात भरल्या, वर्तमानपत्रं तिच्यात निघाली. माझ्या पुढ्यात जी पानं होती ती त्याच भाषेतली होती. म्हणजे कुणीतरी चुलीपाशी ती बोलत राहिलं असलंच पाहिजे. एका पिढीनं जरी आळस केला असता तरी खेळ खलास होता.

गुरुवारी आबांना हे असंच सांगितलं. पुढे नवा खर्डाही वाचला: 'वेढ्यानंतरही चेरवेन नांदत राहिलं. मग बाजार डॅन्यूबकाठी गेला, पाठोपाठ माणसं उतरली, आणि वर दिवा लावायला कुणी उरलं नाही.'

"हां," आबा म्हणाले. "आता बिल्कुल बरोबर." थोडं थांबून, "आणि तुला जमेल का? चुलीपाशी?"

जमेल, असं चटकन म्हणायला जीभ वळत होती. पण खोटं बोलून आणलेला माणूस नवव्या दिवशी पुन्हा बूट घालतो. म्हटलं, "माहीत नाही, आबा. तोंडाला सवय लागलीय. मी चुकेन. तुम्ही टोका."

"बघू," म्हणाले.

मी निघाले. हौज खासपर्यंत पोचले असेन, तर फोन वाजला. "टेम्पोवाला बघून ठेव. ऊन चढायच्या आत सामान हलवू." आणि बंद केला.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही त्यांना आणलं. सामान फार नव्हतं: एक पलंग, आईची शिलाई मशीन, लोखंडी ट्रंक आणि दोन सुटकेसा. जिना उतरताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मीच दोनदा पाहिलं. फरीदाबादला टेम्पोवाला गल्ली चुकला, मग भाड्यावरून नवऱ्याशी हुज्जत घालू लागला. मी मध्ये पडले, चौकीदाराला लिफ्ट अडवून धरायला सांगितलं, मुलीला पाणी आणायला पिटाळलं. हे सगळं अर्थातच हिंदीत. तशीच धापा टाकत वर आले. आमच्या दाराशी संगमरवराची पट्टी आहे, जरा उंचच. आबा तिच्याशी पोचले होते, हातात काठी.

"संभल के, आबा," मी म्हणाले.

आबा थांबले. उजवा पाय उचललेला होता तो त्यांनी परत खाली ठेवला. मागे लिफ्टमध्ये नवरा दोन्ही हातांत सुटकेसा घेऊन खोळंबला होता, मुलगी आतून ग्लास घेऊन आली होती. कुणाला काही कळेना. मला वाटलं, पाय दुखला. वाटलं, चक्कर आली. पण ते नुसते समोर बघत उभे राहिले, शिस्तीत, पट्टीच्या अलीकडे.

"जपून, आबा," मी म्हणाले. "उंबरा आहे."

"दिसतोय मला," आबा म्हणाले, आणि आत आले.